पाठीवर न घेतलेले बिऱ्हाड

२०१३ साली मंगोलियातील 'गेर' हे फिरते घर बांधण्याची कारागिरी युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली आणि पुढच्याच वर्षी किरगिझ व कझाक लोकांच्या युर्तलाही तो मान मिळाला. ओमानच्या बेदूंचे त्या यादीत काय आहे असे पाहिले, तर उंटावरून जाताना म्हणायची 'तघरूद' ही पदे सापडतात, तीही संयुक्त अरब अमिरातीच्या जोडीने, २०१२ पासून. घर सापडत नाही. यात ओमानवर कोणी अन्याय केला असे मानायचे कारण नाही. गेर ही एक वस्तू आहे. तिचे भाग मोजता येतात, नकाशा काढता येतो, ती उकलून संग्रहालयात नेऊन पुन्हा उभी करता येते. ओमानमधल्या फिरस्त्यांचे घर असे उचलता येत नाही. ते थोडे झाडाखाली, थोडे खजुराच्या बागेत, तर कुठे डोंगरावर कुलूप लावून ठेवलेले असते. पुढील पानांत या घरांची रेखाटने, मोजमापे आणि बांधणीच्या रीती येतील. त्याआधी एकच मुद्दा मांडायचा आहे. भटक्याचे घर समजून घेताना 'तो काय बरोबर नेतो' एवढेच विचारले, तर ओमानमध्ये हाती फारसे काही लागत नाही; 'तो काय मागे ठेवून जातो' हे विचारले की घर दिसू लागते.

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण आपल्या अंगवळणी पडलेली आहे आणि गेरकडे पाहिले की ती खरीही वाटते. लाकडी पट्ट्यांची, मिटणारी-उघडणारी जाळीदार भिंत, तिला मंगोल लोक 'खना' म्हणतात. भिंतीच्या माथ्यावरून मध्याकडे चढत जाणाऱ्या काठ्या म्हणजे 'उनी'. आणि त्या काठ्यांची टोके ज्यात बसतात ते लाकडी चक्र म्हणजे 'तोनो', ज्यातून धूर बाहेर जातो आणि उजेड आत येतो. या सांगाड्यावर नमद्याचे, म्हणजे न विणता दाबून केलेल्या लोकरी कापडाचे थर चढवतात आणि भिंतीला भोवताली पट्टे आवळतात. छताचा भार भिंत बाहेर लोटू पाहतो, पट्टा तिला आत धरून ठेवतो. या दोन ओढींच्या तोलावर घर उभे राहते. उणे तीस-चाळीस अंशांच्या हिवाळ्यात ऊब ही सर्वांत मोलाची गोष्ट असते, आणि ऊब धरून ठेवायची तर बंदिस्त भांडे लागते. ते भांडे प्रत्येक मुक्कामी नव्याने बनवायला झाडे नाहीत, म्हणून ते बरोबर न्यायचे. गेरची सगळी अक्कल या एका गरजेतून निघाली आहे. ओमानमध्ये मोलाच्या गोष्टी वेगळ्या आहेत. सावली, वारा आणि गोडे पाणी. पाणी पखालीत भरून थोडेबहुत नेता येते. बाकीच्या दोन गोष्टी जिथे असतील तिथे आपणच जायचे असते. एकदा हे लक्षात आले की मग इथल्या घरांची रचना दुसऱ्या टोकाकडून का सुरू होते, याचे नवल वाटत नाही.

सर्वांत टोकाचे उदाहरण मध्य ओमानमधल्या जिद्दत अल-हरासीस या पठाराचे. सुमारे ४० हजार चौरस किलोमीटरचा खडकाळ सपाट मुलूख, नदी नाही, झरा नाही. तेलाच्या शोधात आलेल्या कंपन्यांनी १९५० च्या दशकात विहिरी खोदेपर्यंत भूपृष्ठावर भरवशाचे पाणीच नव्हते. अरबी समुद्रावरून येणाऱ्या धुक्यावर इथली झाडे-झुडपे जगतात, त्यांच्यावर शेळ्या आणि उंट जगतात, आणि त्यांच्या दुधावर हरासीस ही टोळी जगत आली. या लोकांची स्वतःची भाषा आहे, हरसूसी, ती अरबीहून निराळी. १९८० च्या दशकापासून मानववंशशास्त्रज्ञ डॉन चॅटी यांनी त्यांच्यात राहून दीर्घकाळ अभ्यास केला. त्यांच्या लेखनातून येणारे चित्र तंबूच्या शोधात गेलेल्याला गोंधळात टाकणारे आहे: हरासीसांकडे परंपरेने तंबू नव्हता. बाभळीच्या जातीचे एखादे पसरट झाड, त्याच्या बुडाशी झाडून घेतलेली जागा, वाऱ्याच्या बाजूने आडवे लावलेले कांबळे, फांद्यांवर टांगलेली भांडी आणि कातडी पिशव्या. एवढ्यावर एक कुटुंब राहत असे. मुक्काम हलला की सामानाचा काही भाग झाडावरच टांगून जाण्याची रीत बेदूंमध्ये जुनी आहे, आणि दुसऱ्याने त्याला हात लावायचा नाही हा संकेतही तितकाच जुना.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो हलका नाही. याला घर म्हणायचे कशाला? हे तर दारिद्र्य झाले. ज्यांना तंबू परवडला नाही ते झाडाखाली राहिले, त्यात रचना कसली? आक्षेप घेणारा उत्तरेकडे बोट दाखवील. सिरियापासून नज्दपर्यंतच्या बेदूंकडे शेळीच्या केसांचा काळा तंबू आहे. बायका जमिनीवरच्या आडव्या मागावर लांबलचक पट्टे विणतात, ते कडेला कड लावून शिवतात, खांबांवर चढवून दोरांनी ताणतात. गेरमध्ये लाकूड भार पेलते, इथे खुद्द कापड ताणाने भार पेलते. पावसाने भिजले की धागा फुगून वीण घट्ट होते. मग शेळ्या तर हरासीसांकडेही होत्या, त्यांनी असा तंबू का केला नाही? माझ्या मते हा प्रश्नच आक्षेपाचे उत्तर देतो. कच्चा माल होता, हातही होते. ओमानमध्ये शेळीच्या केसांचे आणि लोकरीचे विणकाम किती कसबी आहे याची नोंद गिगी क्रॉकर जोन्स यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात केली आहे: उंटाच्या खोगिराचे पट्टे, सामानाच्या पिशव्या, सतरंज्या, आणि जबल अल-अखदरच्या मेंढपाळांत तर विणणारे पुरुषही. म्हणजे केस कापडात गेले, ते कापड मात्र छताला न जाता उंटाच्या पाठीवर आणि जमिनीवर गेले. ज्या पठारावर रात्रीच्या धुक्याने सगळे ओले होते, पाऊस वर्षानुवर्षे येत नाही, आणि चाऱ्यामागे केव्हाही उठावे लागते, तिथे कापडाचे जड छत वाहणे हा तोटा आहे. उंटाची ताकद पाणी आणि माणसे वाहण्यासाठी राखलेली बरी. छत झाडाने आधीच केलेले आहे. ही निवड आहे, आणि निवड असेल तिथे रचना असतेच.

शर्कियाच्या वाळूत, म्हणजे ज्या मुलुखाला जुन्या नकाशांत वहिबा सँड्स म्हणत तिथे, हेच तत्त्व अधिक भरघोस रूपात दिसते. साडेबारा हजार चौरस किलोमीटरचा हा वाळूचा समुद्र. उत्तर-दक्षिण सुमारे १८० किलोमीटर, रुंदी ८०. लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने १९८५-८६ मध्ये इथे मोठी शास्त्रीय मोहीम काढली, तेव्हा इथल्या माणसांच्या राहणीचीही पाहणी झाली. वाळूच्या पूर्व कडेला 'घाफ' झाडांची राने आहेत. घाफ म्हणजे आपली शमी, काही भागांत जिला सौंदड म्हणतात. झाडाची जात तीच. दसऱ्याला जिची पूजा होते ती शमी इथे वाळूत खोल मुळे सोडून उभी असते आणि तिच्या आश्रयाने बेदूंची वस्ती बसते. झाडाच्या सावलीला लागून खजुराच्या झावळ्यांच्या दांड्यांचे आडोसे, एक बसण्याउठण्याचा, एक चुलीचा, शेळ्यांना वेगळे कुंपण. हे हिवाळ्याचे घर. उन्हाळा तापू लागला की कुटुंबे वाळूच्या उत्तर कडेला बिदिया, अल-मिन्तरिब अशा गावांच्या खजूर-बागांकडे सरकत. तिथे उन्हाळ्याचे घर असे, तेही झावळ्यांचेच, आणि ते आदल्या वर्षीचे. हंगाम खजुराच्या तोडणीचा. मबसली जातीचा खजूर तोडून मोठ्या तांब्याच्या कढयांत उकळायचा, मग उन्हात वाळवायचा. हा माल पिढ्यान्‌पिढ्या भारतात येत आला आहे आणि आपण त्याला खारीक म्हणतो. बाळंतिणीच्या लाडवात पडणाऱ्या खारकेच्या मागे उन्हाळी घराचा एक अख्खा हंगाम उभा असतो, ही गोष्ट मराठी वाचकाला सांगण्याजोगी आहे.

या झावळ्यांच्या बांधणीकडे जरा जवळून पाहायला हवे, कारण 'झोपडी' म्हणून ती झटकन बाजूला सारली जाते. अरबीत अशा घराला 'अरीश' म्हणतात, आखातभर 'बरस्ती' हे नावही चालते. झावळी वाळवून तिची पाती सोलून काढतात. उरतो तो मधला दांडा, बुडाशी जाड आणि टोकाशी निमुळता. असे दांडे शेजारी शेजारी ठेवून दोराने गुंफले की चटईसारखा ताठ पडदा तयार होतो, त्याला 'दआन' म्हणतात. गुंफताना एकाचे बूड तर पुढच्याचे टोक अशी उलटसुलट मांडणी केली की पडदा एका बाजूला फुगत नाही. दोरही खजुराच्या काथ्याचा, खांब खजुराच्या चिरलेल्या खोडाचे किंवा बोरीच्या जातीच्या सिद्र झाडाचे, किनाऱ्यावर तर पूर्व आफ्रिकेतून जहाजांनी आलेल्या तिवराच्या वाशांचे. दांड्यांमधल्या फटी मोकळ्या ठेवल्या की वारा खेळतो. थंडीसाठी आतून पात्यांच्या विणलेल्या चटया लावल्या की तो अडतो. एकच भिंत दोन ऋतूंना पुरते, फक्त अस्तर बदलायचे. खिळा एकही नाही. वाळवीने, उन्हाने काही वर्षांत एखादा पडदा गेला तर तेवढाच नवा गुंफायचा. बाग शेजारीच आहे. कोकणात झापांच्या आणि कुडाच्या घरांवर ज्यांचे बालपण गेले त्यांना हे शहाणपण समजावून सांगायची गरज नाही. गेर टिकते कारण तिचा प्रत्येक भाग जपून नेला जातो. अरीश टिकते कारण तिचा कुठलाही भाग जपण्याची गरज नसते.

दुसरा आक्षेप असा की हे लोक खरे भटके नव्हेतच. दोन ठरलेल्या जागांत ये-जा करणाऱ्याला भटका म्हणायचे तर सिमल्याला उन्हाळा काढणारे इंग्रज साहेबही भटकेच ठरतील. गंमत सोडली तरी आक्षेपात तथ्य आहे, आणि त्याला उत्तर द्यायला ओमानच्या अगदी उत्तरेकडे, मुसंदमच्या डोंगरात जावे लागते. होर्मुझच्या सामुद्रधुनीवर टेकलेल्या या उघड्याबोडक्या चुनखडीच्या डोंगरांत जबल हारीमचे शिखर दोन हजार मीटरच्या वर जाते. तिथले शिहूह लोक हिवाळ्यात वरच्या टप्प्यांवर पावसाच्या पाण्यावर गहू-जव पिकवत, शेळ्या चारत. उन्हाळ्यात खाली खसबच्या किनाऱ्यावर खजूर आणि मासळीसाठी उतरत. वरची घरे महिनोन्‌महिने ओस पडत, आणि त्या ओस काळासाठीच त्यांनी 'बैत अल-कुफल' बांधले, म्हणजे कुलपाचे घर. जमीन खोदून तळ खाली घ्यायचा, कडेने अवजड दगड रचायचे, वर बाभळीच्या खोडांचे तुळवट, त्यावर दगड आणि माती. दार इतके बुटके की वाकूनच आत जावे लागते, आणि त्याला लाकडी कुलूप. खरी युक्ती आत आहे. धान्य आणि खजूर साठवायचे मातीचे मोठे रांजण दारापेक्षा रुंद असतात. ते घर पुरे होण्याआधीच आत ठेवून मग भिंती आणि छत चढवतात. चोराने कुलूप तोडले तरी रांजण बाहेर निघत नाही. न्यायचे तर छत उतरवावे लागेल. मंगोल गृहस्थ घर उचलून चाऱ्यामागे जातो, शिहूह गृहस्थ धान्याभोवती घर बांधून स्वतः निघून जातो. दोघांच्या घराचा आकार त्यांच्या फिरण्याने ठरवला आहे, आणि मला वाटते भटक्यांच्या वास्तूची व्याख्या करायचीच तर ती इथून करावी: ज्या घराची रचना मालकाच्या गैरहजेरीचा विचार करून झाली आहे, ते फिरस्त्याचे घर. सिमल्याचा बंगला या कसोटीला उतरत नाही. तो राहण्यासाठी बांधलेला असतो, सोडण्यासाठी नव्हे.

ही व्याख्या फार सैल आहे, सावली देणारे प्रत्येक झाड मग घर ठरेल, असे कोणी म्हणेल. तसे होत नाही, कारण मागे ठेवलेली जागा घर ठरते ती परत येण्याच्या हक्काने. तो हक्क इतरांनी मानावा लागतो. झाडावर टांगलेले सामान, वाळूतल्या वस्तीचे उभे कुंपण, दाराचे कुलूप, ही सगळी त्या हक्काची खूण आहे. जिथे अशी खूण नाही आणि शेजारी ती मानत नाहीत, तिथे फक्त मुक्काम असतो. मागे राहणाऱ्या घराचे आणखी एक उदाहरण म्हणून दक्षिण ओमानमधल्या धोफारचा उल्लेख इथे ओझरताच करतो, त्यावर पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे. सलालाहच्या मागच्या डोंगरांवर जून ते सप्टेंबर आपलाच नैर्ऋत्य मोसमी पाऊस धुके होऊन उतरतो, त्याला तिथे 'खरीफ' म्हणतात. तिथल्या गुराखी लोकांची दगडी कडे आणि गवताचे घुमट असलेली गोल घरे त्या महिन्यांच्या ओलीला दिलेले उत्तर आहे. आकाराने ती गेरची आठवण देतात, पण हे साम्य वरवरचे आहे. दगडी कडे जागेवरच राहते.

या मुद्द्याला आजच्या काळात वजन का आहे, तेही सांगायला हवे. १९७० मध्ये सुलतान काबूस गादीवर आल्यावर रस्ते झाले, आणि त्यांच्याबरोबर पिकअप गाडी आली. उंटाला न झेपणारे ओझे गाडीला झेपते, त्यामुळे हरासीसांच्या मुक्कामी लोखंडी जाळी, प्लायवूड, ताडपत्री आणि पाण्याच्या टाक्या दिसू लागल्या. काही निरीक्षकांना यात परंपरेचा ऱ्हास दिसला. मला तसे वाटत नाही. झाडाला टेकूनच ही जाळी उभी राहिली, म्हणजे जुन्या आराखड्यात नवे सामान आले इतकेच. खरी गफलत बाहेरच्यांनी केली. पठारावरच्या हैमा येथे सरकारने शाळा, दवाखाना आणि पक्की घरे उभारली. हेतू चांगला होता, पण अनेक कुटुंबांनी त्या घरांचा उपयोग गोदामासारखा केला आणि माणसे शेळ्यांमागे पठारावरच राहिली. आमच्या कसोटीने पाहिले तर यात चमत्कारिक काहीच नाही: काँक्रीटचे घर हे त्यांनी मागे ठेवायच्या जागांपैकी आणखी एक मानले. दुसरे उदाहरण अधिक बोचणारे आहे. याच पठारावर याळूनी येथे १९८२ मध्ये अरबी ओरिक्स हरणे पुन्हा मोकळी सोडण्यात आली, १९९४ मध्ये त्या अभयारण्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, आणि २००७ मध्ये ओमानने अभयारण्याचे क्षेत्र नव्वद टक्क्यांनी घटवल्यावर तो काढून घेण्यात आला. युनेस्कोच्या यादीतून वगळले गेलेले ते पहिलेच स्थळ. हरासीसांना तिथे रक्षकाची नोकरी मिळाली, आपल्या चराईच्या जमिनीच्या आखणीत आवाज मात्र फारसा मिळाला नाही, अशी चॅटी यांची टीका आहे. त्या टीकेत मी एवढीच भर घालीन की ज्या जमिनीवर घर दिसत नाही ती रिकामी समजली जाते. तंबू असते तर निदान कोणी मोजले असते.

उलट, जिथे तंबू दिसतो तिथे तो कोणाचा हे पाहिलेले बरे. शर्कियाच्या वाळूतल्या पर्यटक-शिबिरांत शेळीच्या केसांचे काळे छत आता सर्रास आढळते, आत गालिचे, काही ठिकाणी वातानुकूलनही. ओमानच्या काही टोळ्यांकडे काळे तंबू होते, त्यामुळे हे सरसकट खोटे म्हणता येणार नाही. पण पर्यटकाला भटक्याचे घर म्हणून तंबूच हवा असतो, आणि बाजार त्याला तो पुरवतो. शेजारच्या घाफखाली झावळ्यांचा आडोसा असला तरी छायाचित्र तंबूचे निघते.

महाराष्ट्रात ही चूक आपणही करत आलो आहोत. दिवाळीनंतर घोड्यावर संसार घालून निघणारा मेंढपाळ धनगर आपल्याला बिऱ्हाड पाठीवर घेतलेला वाटतो; पण ज्या शेतांत तो दरवर्षी मेंढ्या बसवतो, तिथल्या शेतकऱ्याशी पिढ्यांचा व्यवहार असतो, मुक्कामाच्या जागा ठरलेल्या असतात आणि पावसाळ्यात परतायचे गावही असते. त्याच्या घराचा नकाशा काढायचा तर तो काही तालुक्यांवर पसरेल. पाल ठोकून राहणाऱ्या जमातींना 'कायमचा पत्ता' नाही म्हणून दाखला नाकारला जातो, तेव्हा कागद मागणाराही घर म्हणजे चार न हलणाऱ्या भिंती असेच धरून चाललेला असतो.

मस्कत, सोहार, सलालाह इथे राहणाऱ्या मराठी वाचकांना एक विनंती. बातिना किनाऱ्यावर, बिदियाच्या बागांत, मुसंदमच्या डोंगरात तुमचे जाणे होत असेल, तर झावळ्यांचे जुने घर किंवा कुलपाचे घर दिसल्यास मालकाची परवानगी घेऊन त्याची मापे, बांधणीची छायाचित्रे आणि ते कोणत्या महिन्यांत वापरात असे याची नोंद ठेवा. यातली शेवटची नोंद सर्वांत महत्त्वाची, कारण भिंती पडल्यावरही त्यांचे अवशेष मोजता येतात, पण घर केव्हा ओस असे हे सांगणारी पिढी आता थोडीच उरली आहे.